हातात लॉक असताना

प्रोग्राम कोसळला नव्हता आणि त्याने चुकीचे उत्तरही दिले नव्हते. तो नुसता उभा राहिला होता. समांतर संगणनाच्या एका मुक्तस्रोत लायब्ररीवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींकडे ही तक्रार आली, तेव्हा तिच्यासोबत डिबगरमधून काढलेला थ्रेडचा, म्हणजे प्रोग्राममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या एका धाग्याचा, स्टॅक जोडलेला होता: कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची चळत. स्टॅकच्या तळाशी लायब्ररीचे एक अंतर्गत फंक्शन होते, विनंत्यांची यादी चाळून पूर्ण झालेल्या शोधणारे. त्याच्या वर वापरकर्त्याने स्वतः लिहिलेला कॉलबॅक होता, म्हणजे काम पूर्ण झाले की लायब्ररीने बोलवायचे फंक्शन. त्याच्याही वर पुन्हा लायब्ररीचेच फंक्शन होते, कारण माहितीचा एखादा तुकडा अर्धवट आला तर हा कॉलबॅक तो नव्याने मागवत असे. आणि अगदी माथ्यावर म्यूटेक्सचा (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाचा) लॉक मिळण्याची वाट पाहणारी ओळ होती. तो लॉक कोणाकडे आहे हे शोधायला दुसऱ्या थ्रेडकडे जावेच लागले नाही. तळाच्या फंक्शनने तो घेतलेला होता. थ्रेड स्वतःचीच वाट पाहत होता.

दुरुस्ती म्हणून आलेला पॅच एका ओळीचा होता. साधा म्यूटेक्स काढून तिथे रिकर्सिव्ह म्यूटेक्स बसवला होता. म्हणजे ज्या थ्रेडकडे लॉक आधीच आहे त्याने तो पुन्हा मागितला तर त्याला अडवायचे नाही, आतली मोजणी तेवढी एकाने वाढवायची. पॅच लावताच प्रोग्राम चालू लागला, सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, तक्रार करणाऱ्याने मनापासून आभार मानले. मला मात्र तो पॅच मंजूर करवेना. पॅच पाठवणाऱ्याने मेहनत घेतली होती, त्याचे निदान अचूक होते, आणि दुरुस्तीची वाट पाहणारे लोक खोळंबले होते. अशा वेळी नुसते ‘थांबा’ म्हणणे जिवावर येते. आक्षेप काय आहे ते सुरुवातीला नीट शब्दांत मांडताही येत नव्हते. त्या लॉकने थ्रेडला अडवले ते उगाच नव्हते, एवढीच जाणीव पुन्हा पुन्हा टोचत राहिली.

म्हणून यादी चाळणारा तो लूप मी सावकाश वाचला. यादी एका सलग ॲरेमध्ये ठेवलेली होती आणि लूप पहिल्या घटकापासून पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, पुढे सरकवत जात होता. जी विनंती पूर्ण झालेली दिसेल तिचा कॉलबॅक बोलावत होता. कॉलबॅकने नवी विनंती नोंदवली की ती याच ॲरेच्या शेवटी जाणार. ॲरेत जागा शिल्लक असेल तर काहीच बिघडत नाही. पण ॲरे नेमका भरलेला असेल, तर लायब्ररी दुप्पट मोठी जागा घेते, सगळे घटक तिकडे हलवते आणि जुनी जागा मोकळी करते. बाहेरच्या लूपच्या हातात मात्र अजून जुन्या जागेचाच पत्ता असतो. कॉलबॅक परतल्यावर लूप पुढचा घटक वाचतो तो मोकळ्या केलेल्या मेमरीतून. तिथे अजून जुनीच मूल्ये असतील तर प्रोग्राम निमूटपणे पुढे जातो. दरम्यान तिथे दुसऱ्या कोणी लिहिले असेल, तर लूप भलत्याच पत्त्याला फंक्शन समजून तिकडे उडी घेतो. अर्धवट तुकडा आणि तुडुंब भरलेला ॲरे हे दोन्ही एकाच क्षणी जुळून येणे विरळा, म्हणून टेस्ट हिरव्या. जागच्या जागी उभा राहून आपले कारण दाखवणारा एक बिघाड घालवून, त्याच्या जागी कधीतरी, कुठेतरी, कारण न दाखवता मेमरी नासवणारा दुसरा बिघाड आला होता.

त्यापेक्षा हँग बरा होता.

लॉक कोडच्या ओळींसाठी असतो असे आपण बोलताना सहज म्हणतो, पण तो असतो माहितीतल्या परस्परसंबंधांसाठी. एकाहून अधिक प्रक्रियांपैकी एका वेळी एकीनेच नाजूक भागात असावे, हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये काटेकोरपणे मांडून सोडवला, तेव्हापासून या शिस्तीचा गाभा बदललेला नाही. लॉक घेतल्यापासून तो सोडेपर्यंत माहिती विस्कटलेली असू शकते, आणि सोडताना ती पुन्हा जुळलेली असायला हवी. यादीची लांबी आणि यादीतले घटक, मोजणी आणि प्रत्यक्ष संख्या, पॉइंटर आणि त्याच्या टोकाची जागा, हे सगळे लॉकच्या आत क्षणभर एकमेकांशी विसंगत असते आणि तसे असण्याची आपण स्वतःला मुभा दिलेली असते. लॉक मिळवून आत येणारे प्रत्येक फंक्शन मात्र हे गृहीत धरते की आत सगळे जुळलेले आहे. रिकर्सिव्ह म्यूटेक्स हेच गृहीतक खोटे पाडतो. दुसऱ्यांदा आत आलेल्या फंक्शनला लॉक मिळतो, पण त्या लॉकमागचा भरवसा मिळत नाही. काही ठिकाणी असा म्यूटेक्स योग्यच असतो, हे मला मान्य आहे. पण हँग घालवण्यासाठी तो आणलेला दिसला की मी आता लॉक बाजूला ठेवते आणि आधी त्याखालची माहिती वाचते.

या प्रकारच्या दोषात हत्यारेही फारशी मदतीला येत नाहीत, याचे मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले होते. थ्रेडसॅनिटायझर हे एक उत्तम साधन आहे. ते लावले की प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट मंदावतो आणि ५ ते १० पट मेमरी खातो, पण दोन थ्रेड एकाच जागेला लॉकशिवाय हात लावताना दिसले तर ते नेमकी ओळ दाखवते. आमच्या पॅचवर ते गप्प राहिले, आणि त्याचे गप्प राहणे बरोबरच होते. इथे दुसरा थ्रेड नव्हताच. एकाच थ्रेडने, लॉक हातात असताना, स्वतःच्याच पायाखालचा ॲरे हलवला होता. मोकळ्या केलेल्या मेमरीचे वाचन पकडणारे ॲड्रेससॅनिटायझर हा दोष दाखवू शकले असते, पण ॲरे भरण्याचा तो क्षण टेस्टमध्ये प्रत्यक्ष आला असता तरच. शेवटी आम्ही टेस्टच्या बिल्डमध्ये ॲरेची सुरुवातीची क्षमता १ केली. मग अगदी दुसऱ्याच नोंदीला ॲरे वाढू लागला आणि एरवी हुलकावणी देणारा तो क्षण दर वेळी हमखास येऊ लागला.

संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड ली यांनी २००६ मध्ये थ्रेडवर आधारित प्रोग्रामिंगबद्दल जो लेख लिहिला, त्यात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टॉलेमी प्रकल्पाची एक हकीकत आहे. त्या गटाने समांतर कोड लिहिताना मुद्दाम जास्तीची काळजी घेतली होती: डिझाइनचे परीक्षण, कोड रिव्ह्यू, रोज रात्रीचे बिल्ड, रिग्रेशन टेस्ट, आणि त्या टेस्टचे १०० टक्के कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये सगळा कोड चालून गेलेला. कोड चार वर्षे बिनतक्रार चालला आणि २६ एप्रिल २००४ रोजी डेडलॉकमध्ये अडकला, म्हणजे थ्रेड एकमेकांची वाट पाहत राहिले. त्याच लेखात ली यांनी उदाहरण म्हणून निवडलेला कोड अगदी साधा आहे: एक मूल्य, आणि ते बदलले की कळवायच्या श्रोत्यांची यादी. म्हणजे कॉलबॅकच. मूल्य बदलताना लॉक घ्यायचा आणि लॉक हातात असतानाच श्रोत्यांना बोलवायचे, असे लिहिले की एखादा श्रोता आतून दुसरा लॉक मागतो, तो लॉक ज्याच्याकडे आहे तो थ्रेड इकडे पहिल्या लॉकसाठी थांबलेला असतो, आणि दोघेही कायमचे थांबतात. चार वर्षांच्या त्या शांततेचा मी अनेकदा विचार केला आहे. त्या काळात कोडमध्ये जे होते तेच पाचव्या वर्षीही होते. थ्रेडच्या पावलांचा विशिष्ट क्रम तेवढा आधी कधी पडला नव्हता.

यावरचा प्रचलित उपाय एका वाक्यात सांगता येतो: लॉक घ्या, यादीची प्रत काढा, लॉक सोडा आणि मग त्या प्रतीवरून कॉलबॅक बोलवा. आम्हीही शेवटी तेच केले. पूर्ण झालेल्या विनंत्या लॉकच्या आत मुख्य यादीतून काढून एका स्थानिक यादीत घेतल्या, लॉक सोडला आणि बाहेर येऊन एकेक कॉलबॅक बोलावला. आता कॉलबॅकने नवी विनंती नोंदवली तरी ती मुख्य यादीत जाते आणि आपण चाळत असलेल्या यादीला धक्का लागत नाही. पण हे वाक्य जितक्या सहजतेने सांगितले जाते, तितकी त्यामागची जबाबदारी हलकी नाही. ली यांच्या उदाहरणातही हे पुढे आलेले आहे: लॉक सोडल्यावर कळवायचे ठरवले, की दोन थ्रेडनी एकामागून एक मूल्य बदलल्यास श्रोत्यांना ते बदल उलट्या क्रमाने कळू शकतात, आणि प्रत्यक्षात नसलेलेच मूल्य शेवटचे म्हणून त्यांच्याकडे राहू शकते. लॉकच्या आत क्रमाची हमी आपोआप मिळत होती. बाहेर पडल्यावर ती वेगळी मिळवावी लागते. आम्ही कॉलबॅक बोलावण्याचे काम एकाच थ्रेडकडे सोपवून हा क्रम राखला. त्याची किंमत अशी, की एका वापरकर्त्याचा संथ कॉलबॅक आता इतर सगळ्यांच्या कॉलबॅकना खोळंबून ठेवू शकतो. ही अदलाबदल मला अजून पूर्ण समाधान देत नाही, पण ती आम्ही समजून उमजून केलेली आहे.

त्याहून अवघड प्रश्न नोंदणी रद्द करण्याचा आहे. वापरकर्ता म्हणतो, माझा कॉलबॅक काढून टाका. लायब्ररी तो यादीतून काढते आणि परतते. वापरकर्ता निर्धास्त होऊन कॉलबॅकला लागणारी माहिती मोकळी करतो. पण दुसऱ्या थ्रेडने आधीच प्रत काढलेली आहे, आणि त्या प्रतीत तो कॉलबॅक अजून आहे. क्षणभराने तो बोलावला जातो आणि मोकळ्या झालेल्या मेमरीवर काम करू लागतो. मग रद्द करणाऱ्या फंक्शनने काय वचन द्यावे? मी परतले म्हणजे तुझा कॉलबॅक यापुढे कधीच चालणार नाही आणि आताही कुठे चालू नाही, असे वचन द्यायचे तर त्याला चालू कॉलबॅक संपेपर्यंत थांबावे लागेल. आणि समजा कॉलबॅकने आतूनच स्वतःची नोंदणी रद्द केली, तर ते थांबणे म्हणजे पुन्हा स्वतःचीच वाट पाहणे. लिनक्स कर्नलने टायमरसाठी याची दोन वेगळी फंक्शने केली: एक टायमर काढून लगेच परतते, दुसरे अन्य प्रोसेसरवर चालू असलेला हँडलर (वेळ झाल्यावर चालणारे फंक्शन) संपेपर्यंत थांबते, आणि हँडलरला लागणारा लॉक हातात धरून हे दुसरे बोलावू नये, अशी ताकीद तिथे आहे. सी++ च्या २०२० च्या मानकात स्टॉप कॉलबॅकसाठी केलेली योजना मला विशेष आवडते: नोंदणी रद्द होताना कॉलबॅक दुसऱ्या थ्रेडवर चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबायचे, आणि तो याच थ्रेडवर चालू असेल, म्हणजे रद्द करणारा त्याच कॉलबॅकच्या पोटातून बोलत असेल, तर न थांबता परतायचे. यात दोन्ही बाजूंचा विचार आहे. आम्ही हीच पद्धत उचलली. त्यासाठी कोणता कॉलबॅक सध्या कोणत्या थ्रेडवर चालू आहे याची नोंद ठेवावी लागली, आणि ती नोंद सांभाळायला पुन्हा एक लहानसा लॉक आला. फक्त हा लॉक हातात असताना परका कोड कधीच बोलावला जात नाही, एवढी खात्री आम्ही रचनेतूनच करून घेतली.

परका कोड. समांतर लायब्ररी लिहिणाऱ्याने हा शब्दप्रयोग सतत डोक्यात ठेवावा असे मला वाटते. आपल्या लायब्ररीतले सगळे लॉक आणि ते घेण्याचा क्रम आपल्याला ठाऊक असतो, पण कॉलबॅकच्या पलीकडे कोणते लॉक आहेत हे आपल्याला कधीच कळणार नसते. पायथनमधून वापरल्या जाणाऱ्या सी लायब्ररींमध्ये हे फार लख्ख दिसते. लायब्ररीचा थ्रेड आपला लॉक धरून कॉलबॅक बोलावतो. कॉलबॅक पायथनमध्ये लिहिलेला असल्यामुळे आत शिरण्याआधी एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारा जागतिक इंटरप्रिटर लॉक, म्हणजे ‘गिल’, मिळवावा लागतो. त्याच वेळी पायथनचा मुख्य थ्रेड ‘गिल’ हातात घेऊनच लायब्ररीच्या एखाद्या फंक्शनमध्ये शिरलेला असतो आणि तिथे लायब्ररीच्या लॉकसाठी थांबतो. लायब्ररी लिहिणाऱ्याने पायथनचे नावही काढलेले नाही, आणि पायथनचा जोडकोड लिहिणाऱ्याने लायब्ररीच्या आतला लॉक पाहिलेला नाही. आपापल्या जागी दोघांचे तर्कशास्त्र निर्दोष आहे आणि तरीही प्रोग्राम उभा आहे. अशा तक्रारीत दोष कोणाचा यावर तासन्‌तास चर्चा झालेली मी पाहिली आहे. माझा कौल अशा वेळी लायब्ररीच्या विरोधात जातो, कारण आपला लॉक केव्हा सोडायचा हे फक्त तिच्याच हातात असते.

कॉलबॅक कोणत्या थ्रेडवर येणार, हाही तितकाच मूलभूत प्रश्न आहे आणि पुष्कळ लायब्ररींच्या कागदपत्रांत त्याचे उत्तर शोधावे लागते. मोठ्या यंत्रसमूहांवर प्रक्रिया सुरू करून त्यांची एकमेकांशी ओळख करून देणाऱ्या पीएमआयएक्समध्ये कॉलबॅक लायब्ररीच्या स्वतःच्या प्रगती-थ्रेडवर येतात. तो थ्रेड अडवला की लायब्ररीचे सगळे काम थांबते, म्हणून कॉलबॅकच्या आतून थांबवून ठेवणारी फंक्शने बोलावता येत नाहीत; काम आपल्या थ्रेडकडे सरकवायचे आणि लगेच परतायचे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स प्रोसेसरवर काम चालवणाऱ्या कुडामध्ये, स्ट्रीम नावाच्या कामांच्या रांगेत घातलेल्या होस्ट फंक्शनच्या (मुख्य प्रोसेसरवर चालणाऱ्या फंक्शनच्या) आतून कुडाचे कोणतेही फंक्शन बोलावायला मनाई आहे, आणि बोलावले तर त्रुटी मिळेलच याचीही हमी दिलेली नाही. असे निर्बंध वाचून वापरकर्ते वैतागतात. त्यांचे वैतागणे मला समजते: काम पूर्ण झाले की लगेच पुढचे सुरू करावे यासाठीच तर कॉलबॅक हवा असतो, आणि नेमके तेच करायला बंदी. पण ही बंदी लिहून ठेवणारी लायब्ररी मला न लिहिणारीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. न लिहिलेली बंदी असतेच. ती रात्री उशिरा, मोठ्या संख्येने प्रक्रिया चालू असताना कळते.

थ्रेड-सेफ, म्हणजे अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरले तरी चालणारे, हे विशेषणही मला अलीकडे अपुरे वाटू लागले आहे. फूरिये रूपांतर करणाऱ्या एफएफटीडब्ल्यू लायब्ररीच्या कागदपत्रात स्वच्छ लिहिले आहे, की गणनेचा आधी बनवलेला आराखडा चालवणारे फंक्शन आणि त्याचे प्रकार एवढेच अनेक थ्रेडवरून एकाच वेळी बोलावता येतात. आराखडा बनवणाऱ्यासह बाकीची फंक्शने एका वेळी एकाच थ्रेडने बोलवावीत. हा प्रामाणिकपणा आहे. प्रक्रियांमधल्या संदेशांच्या देवाणघेवाणीचे मानक असलेल्या एमपीआयच्या १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीने तर चार पातळ्याच ठरवल्या: थ्रेड एकच असणार; अनेक असले तरी एमपीआयला फक्त मुख्य थ्रेड बोलावणार; कोणीही बोलवावे पण एका वेळी एकानेच; आणि शेवटची, कोणीही केव्हाही बोलवावे. प्रोग्रामने हवी ती पातळी मागायची आणि लायब्ररी प्रत्यक्षात कोणती देते हे तपासायचे. पुष्कळ प्रोग्राम मागतात आणि तपासत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण या चौथ्या पातळीनंतरही एक जागा उघडी राहिली होती. संदेश आला आहे का आणि केवढा आहे हे एका फंक्शनने विचारायचे, तेवढी जागा राखायची, मग दुसऱ्या फंक्शनने तो संदेश घ्यायचा, अशी जुनी रीत होती. दोन्ही फंक्शने आपापल्या परीने थ्रेड-सेफ. पण त्यांच्या मध्ये दुसरा थ्रेड तोच संदेश घेऊन जाऊ शकतो, आणि मग पहिल्याच्या हातात लहान संदेशासाठी राखलेली जागा आणि समोर भलताच मोठा संदेश, अशी अवस्था होते. लायब्ररीच्या आत कितीही लॉक लावले तरी हे बुजत नाही, कारण फट दोन फंक्शनांच्या मधली आहे. एमपीआयच्या २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत जुळवलेली चौकशी आली: चौकशी करतानाच तो संदेश बाजूला काढला जातो आणि त्याचे हँडल ज्याने विचारले त्यालाच मिळते. ही दुरुस्ती लॉकने झाली नाही, फंक्शनचा करार बदलून झाली.

अशीच एक फट कॉलबॅकच्या सहीमध्ये, म्हणजे त्याला कोणती मूल्ये द्यायची या ठरलेल्या साच्यात, असते आणि ती वरवर पाहता क्षुल्लक दिसते. सी भाषेच्या क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनला तुलना करणारे फंक्शन द्यायचे असते, पण त्या फंक्शनपर्यंत आपली स्वतःची माहिती पोहोचवणारा पॉइंटर देता येत नाही. त्यामुळे कोणत्या रकान्यावरून क्रम लावायचा हे लोक जागतिक चलात ठेवतात, आणि दोन थ्रेडनी एकाच वेळी क्रम लावायला घेतला की दोघांचाही क्रम बिघडतो. असा पॉइंटर घेणारी आवृत्ती ग्नू आणि बीएसडी या दोन्हींच्या सी लायब्ररींकडे फार काळ होती, पण तिला मूल्ये देण्याचा क्रम दोघांकडे वेगळा होता. एमपीआयमध्येही वापरकर्त्याने स्वतःची बेरजेसारखी क्रिया लिहून दिली, तर तिला दोन ॲरे, लांबी आणि माहितीचा प्रकार एवढेच मिळते. सोबतचा पॉइंटर नाही. नोंदणीच्या वेळी घेतलेला एक निव्वळ पॉइंटर, लायब्ररीने न उघडता जपून ठेवलेला आणि दर वेळी जसाच्या तसा परत दिलेला, एवढ्याने या साऱ्या अडचणी टळतात. नवा कॉलबॅक रचताना तो नसेल तर मी रिव्ह्यू पुढे वाचत नाही.

आणि कधी कधी कॉलबॅक कुठे आहे हेच दिसत नाही. काम अनेक थ्रेडवर वाटून देणाऱ्या टीबीबीसारख्या लायब्ररीत एखादा थ्रेड आतल्या समांतर लूपचे काम संपण्याची वाट पाहत असताना रिकामा बसत नाही; तो दुसरे तयार असलेले काम उचलतो. बाहेरच्या कामाने लॉक घेतलेला आहे, त्याच्या आत एक निरुपद्रवी समांतर लूप आहे, आणि वाट पाहता पाहता त्या थ्रेडने उचललेले नवे काम नेमके तोच लॉक मागते. कोड लिहिणाऱ्याने कोणालाही बोलावलेले नाही, तरी त्याच्या स्टॅकवर परका कोड येऊन बसतो. यासाठी टीबीबीत एक वेगळी सोय आहे. तिच्यात गुंडाळलेल्या भागात वाट पाहणारा थ्रेड बाहेरचे काम उचलत नाही. हे प्रथम समजले तेव्हा मी बराच वेळ स्वस्थ बसले होते. लॉक घेऊन समांतर लूप सुरू करणाऱ्या किती जागा आपल्या कोडमध्ये असतील, हे शोधायला धजावत नव्हते. मग शोधल्या, आणि होत्या.

आमच्या दुरुस्तीतला सर्वांत मोठा भाग कोडचा नव्हता, हेडर फाइलमधल्या, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्याला दिसणाऱ्या घोषणांच्या फाइलमधल्या, टिप्पणीचा होता. कॉलबॅक कोणत्या थ्रेडवर येईल, त्या वेळी लायब्ररीचा कोणताही लॉक घेतलेला नसेल, आतून काय बोलावता येईल आणि काय नाही, एकाच विनंतीचे कॉलबॅक कोणत्या क्रमाने येतील, नोंदणी रद्द करणारे फंक्शन परतल्यावर काय खरे असेल, हे सगळे आम्ही वाक्यावाक्यावर वाद घालत लिहिले. वाद चांगले झाले. जुन्या वर्तनावर विसंबलेले प्रोग्राम होते. काहींना नोंदवणाऱ्याच थ्रेडवर लगेच कॉलबॅक मिळायचा आणि त्यांनी ते गृहीत धरले होते. त्यांना मोडायचे की नाही यावर एकमत व्हायला वेळ लागला. पॅच पाठवणारा तरुण या चर्चेत शेवटपर्यंत होता आणि सर्वांत कठोर टेस्ट त्यानेच लिहिली: आतून नवी नोंदणी करणारा, स्वतःची नोंदणी रद्द करणारा, शेजारच्या कॉलबॅकची रद्द करणारा, आणि मुद्दाम झोपून राहणारा, असे कॉलबॅक एकत्र सोडणारी. डिबग बिल्डमध्ये आम्ही प्रत्येक थ्रेडसाठी एक खूण ठेवली. कॉलबॅक चालू असताना निषिद्ध फंक्शन बोलावले की प्रोग्राम तिथेच थांबून कारण सांगतो.

एक भाग अजून अपुरा आहे, तो लायब्ररी बंद करण्याचा. एमपीआयने यासाठी एक शहाणी तरतूद केली आहे: समारोपाचे फंक्शन बोलावले की सर्वांत आधी स्वतःपुरत्या कम्युनिकेटरला (ज्यात फक्त तीच प्रक्रिया असते त्या संवाद-गटाला) जोडलेल्या गुणधर्मांचे विसर्जन-कॉलबॅक येतात, जोडणीच्या उलट क्रमाने, आणि त्या वेळी एमपीआय पूर्णपणे चालू स्थितीत असते; समारोप झाला का असे विचारले तर उत्तर नाही असेच मिळते. त्यामुळे वर बांधलेल्या लायब्ररींना आपली आवराआवर निर्धोकपणे करता येते. आमच्याकडे आता समारोपात आधी नव्या विनंत्या घेणे बंद होते, मग चालू कॉलबॅक संपू दिले जातात, मग प्रगती-थ्रेड थांबतो, आणि तक्ते त्यानंतरच मोकळे होतात. पण समारोपाचे फंक्शनच एखाद्याने कॉलबॅकच्या आतून बोलावले तर? चालू कॉलबॅक संपायची वाट पाहायची, तर तो कॉलबॅक स्टॅकवर आपल्याच खाली आहे. काही सहकाऱ्यांना वाटते की अशा वेळी समारोप पुढे ढकलावा आणि कॉलबॅक परतल्यावर आपोआप पूर्ण करावा. मला ते पटत नाही. बोलावणाऱ्याला फंक्शन परतले म्हणजे सगळे बंद झाले असे वाटेल आणि तो पुढच्याच ओळीत आपली मेमरी मोकळी करील. माझ्या मते त्या फंक्शनने काहीही न करता त्रुटी-संकेत परत द्यावा, आणि हेडरमध्ये त्या संकेताच्या शेजारी त्याचे कारण लिहिलेले असावे. तो बदल अजून रिव्ह्यूमध्ये आहे.